सांडव्यावरच्या गोण्या

बेसिनमधलं पाणी काठावरून उतरून फरशीवर आलं आणि पायाच्या बोटांना गार लागलं, तेव्हा कुठे सरोजिनीबाईंचं लक्ष गेलं. बूच लावून त्यांनी नवऱ्याचे दोन रुमाल भिजत घातले होते, नळ बारीक सोडला होता आणि खिडकीतून पावसाकडे बघत उभ्या राहिल्या होत्या. घट बसून सात दिवस झाले होते तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. कालपासून तर त्याने गंगापूर रोडवरच्या समोरच्या इमारतीसुद्धा पुसून टाकल्या होत्या. तसं पाहिलं तर नळ चालू राहिला म्हणून काही बिघडायला नको होतं. बेसिनच्या वरच्या कडेला एक बारकं भोक असतं. पाणी तिथवर चढलं की त्यातून निमूट निघून जातं. रोज दात घासताना ते समोर असतं आणि तरी कुणाला दिसत नाही. आज त्या जागी पांढऱ्या सिमेंटचा गुळगुळीत ठिपका होता. त्यांनी बोटाने दाबून पाहिला, चांगला घट्ट बसला होता.

"अहो, हे वरचं भोक कुणी बुजवलं?"

"मीच. परवा," यज्ञेश्वर बाहेरून, पेपरच्या आडून म्हणाले. "झुरळं यायची त्यातून."

"मग पाणी चढलं तर जाईल कुठून?"

"चढू कशाला द्यायचं? नळ बंद करायचा."

विमा कंपनीत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाचं हे उत्तर होतं, आणि उत्तर म्हणून त्यात खोट नव्हती. नळ बंद करायचा. सरोजिनीबाईंनी नळ बंद केला, बूच काढलं, पायपुसणं पायाने सरकवून पाणी टिपायला लागल्या. टिपता टिपता त्यांचा पाय थांबला. आकाशाचा नळ कोण बंद करणार, असं काहीतरी मनात आलं आणि त्याच्या पाठोपाठ कालचा फोटो आला. काल संध्याकाळी मोहओहळच्या धरणावरून गावातल्या अमितने पाठवलेला. खाली लिहिलं होतं, 'मॅडम, आपलं धरण फुल्ल!' आणि पुढे दोन जोडलेले हात. 'आपलं' हा शब्द वाचून त्यांना इतकं बरं वाटलं होतं की फोटो नीट न बघताच त्यांनी अंगठा उठवून पाठवला होता. काठोकाठ पाणी, मागे डोंगर, डोंगराच्या पायाशी ढग. फोटोत आणि काय बघायचं असतं? आणि पाण्याच्या उजव्या टोकाला एक पांढरी रेघ होती. काल त्यांना तो फेस वाटला होता.

ओल्या हातानेच त्यांनी फोन उचलला, फोटो दोन बोटांनी फाकवला. फेस नव्हता. खताच्या पांढऱ्या गोण्या होत्या, मातीने भरलेल्या, नीट एकीला एक लावून रचलेल्या. एक थर, दोन थर. त्यांनी पुन्हा मोजलं. तीन थर. जादा पाणी जिथून निघून जायचं त्या सांडव्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आणि त्यावर त्यांचा अंगठा. तीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढून, प्रत्येक कागद दोनदा वाचून मग सही करणाऱ्या बाईने हा कागद न वाचता अंगठा दिला होता. त्या स्टुलावर बसल्या.

अमितचा फोन लागेना. हरसूलच्या पुढे पाऊस लागला की पहिली रेंज जाते, हे त्यांना नवं नव्हतं. हल्ली त्या धरणाकडे बघणाऱ्या तरुण इंजिनियरचा लागला. तो बिचारा सुरगाण्याच्या बाजूला एका पुलाच्या अलीकडे अडकला होता, पूल पाण्याखाली होता. "मॅडम, मी निरोप देतो कुणाला तरी, पण तिथे आत्ता पोचणार कोण?" तो म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तिसरा फोन धरण राखणाऱ्या नवसाबाईला. नवसाबाईचा फोन नागलीच्या डब्यात असतो, म्हणजे ओल लागत नाही. आणि बंद असतो, म्हणजे बॅटरी पुरते. सरोजिनीबाईंनी तो तरी लावला, बंद असल्याचं ऐकलं, आणि उठून साडी खोचली.

"गाडी काढा."

यज्ञेश्वरांनी पेपर खाली केला. बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "सवतीकडे?" त्यांनी विचारलं. लग्नानंतरची पहिली कित्येक वर्षं बायको आठवड्यातले चार दिवस त्या मातीच्या ढिगावर असायची, तेव्हापासून ते धरणाला हेच म्हणत आले होते. एरवी त्या हसायच्या. आज हसल्या नाहीत, तेव्हा ते किल्ली शोधायला लागले. तेवढं त्यांच्यात होतं.

गिरणाऱ्याच्या पुढे पाऊस आणखी वाढला. काचेवरचा वायपर पाणी सारत होता आणि पाणी परत येत होतं. सरोजिनीबाई मनात गोण्या मोजत होत्या. एक गोणी आठ इंच. तीन थर म्हणजे दोन फूट. सांडव्याच्या माथ्यापासून धरणाच्या माथ्यापर्यंत किती अंतर ठेवलं होतं ते त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं, कारण ते त्यांनीच ठेवलं होतं: सहा फूट. घाटातलं पाणी एकदम आलं की त्यातले तीनेक फूट सांडव्यावरून वाहायला लागतात. उरलेले तीन फूट वाऱ्यासाठी, लाटांसाठी आणि माणसाला न कळलेल्या गोष्टींसाठी. हे तिसरं कारण पुस्तकात नसतं. त्या तीन फुटांतले दोन आता खताच्या गोण्यांनी खाल्ले होते. सिमेंटचं धरण असतं तर डोक्यावरून पाणी गेलं तरी ते दात ओठ खाऊन उभं राहिलं असतं. हे मातीचं. पोटाशी कितीही पाणी लोटा, शंभर वर्षं तसूभर हलणार नाही. पण डोक्यावरून एकदा ओंजळभर पाणी वाहू दे, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं ते बघता बघता जाईल. म्हणून तर बाजूला, कातळात, सांडवा खोदायचा. धरणाची सगळी ताकद त्या एका नम्र जागेत असते, जिथून ते म्हणतं की बाबा, मला एवढंच झेपतं, पुढचं तू जा. सरोजिनीबाईंना या गोष्टीचं नेहमी नवल वाटत आलं होतं. मोठमोठ्या धरणांच्या फोटोंनी त्यांचा ऊर कधी भरून आला नाही. पण चाळीस फूट उंचीची, गवत उगवलेली ती साधी मातीची पाळ, जी आपल्याला काय झेपत नाही ते ओळखून होती, तिच्यावर त्यांचा जीव होता. इतकी समज माणसांत किती जणांना असते?

आणि त्या पाळीच्या खाली खालचा पाडा. छत्तीस घरं. ती छत्तीस घरं त्यांनी कागदावर पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या, आणि घरं बत्तीस होती. धरण नव्हतं तेव्हाच्या एका श्रावणात ओहळ एका दुपारी, ऊन पडलेलं असताना, वर घाटात पाऊस झाला म्हणून फुगला आणि पाड्यात शिरला. शेळ्या गेल्या, कणग्या गेल्या आणि एका घरातली लंकाबाई गेली. शेळी सोडायला वाकली होती ती. तिची धाकटी जाऊ उंबऱ्यातून बघत होती. ती धाकटी जाऊ म्हणजे नवसाबाई. दुसऱ्या वर्षी धरणाचं काम निघालं तेव्हा मातीच्या पाट्या वाहायला आलेल्या बायांत ती होती. काळी, काटकुळी, बोलण्यात कुणाला 'अहो' नाही की 'जी' नाही. त्यांच्या बोलीत ते नसतंच. मुकादमाला तू, साहेबाला तू, एकदा पाहणीला आलेल्या मोठ्या साहेबांनाही "तू चप्पल काढ, मग चढ," म्हणाली होती. साहेबांनी काढली होती.

वाघेऱ्याचा घाट लागला. यज्ञेश्वर पुढे वाकून गाडी चालवायला लागले. रस्त्यावर लाल पाणी आडवं वाहत होतं. सरोजिनीबाईंना ती काळी माती आठवली. या सगळ्या डोंगरात माती लाल, मुरमाड. ती धरणाच्या पाठीपोटाला चालते, पण मधोमध जो गाभा भरायचा त्याला पाणी न सोडणारी चिकट काळी माती लागते. ती सात मैलांवरून ट्रकने आणली. नऊ इंचांचा थर पसरायचा, त्यावर पाणी शिंपडायचं, वरून रूळ फिरवायचा, मग पुढचा थर. नमुने घ्यायचे, तपासायला पाठवायचे, कागद यायची वाट बघायची. एक दिवस पाटी टाकून परत जाताना नवसाबाई मध्येच थांबली, टाच दोनदा आपटली आणि म्हणाली, "बाई, हितं पोट मऊ हाय." मुकादम हसला. पोटाला मऊ असतं गं, म्हणाला, आणि बाकीचेही हसले. तरुण इंजिनियरबाईंना त्या हसण्याची तेव्हा फार भीती वाटायची. तरी त्यांनी तिथे खणायला लावलं. दोन थर खाली, खाटेएवढ्या जागेत, रूळ फिरलेलाच नव्हता. माती बोटाने उकरता येत होती. धरण फुटायला एवढी जागा पुरली असती. आज नाही, दहा वर्षांनी, एखाद्या सप्टेंबरात. त्या संध्याकाळी सरोजिनीबाईंनी आपले बूट काढून ठेवले आणि नवसाबाईच्या शेजारून अनवाणी त्या थरावरून चालल्या. टाच आपटायची, ऐकायचं. घट्ट मातीचा आवाज वर येतो, मऊ मातीचा खाली जातो. कागद यायला आठ दिवस लागायचे, टाचेला लगेच कळायचं. पुढे धरण पुरं होईपर्यंत दर थरावर आधी नवसाबाई चालली, मग रूळवाल्याला सुटी. हे त्यांनी कुठल्याही अहवालात लिहिलं नाही, आणि ते लिहायला हवं होतं असं आता घाटातल्या तिसऱ्या वळणावर त्यांना फार वाटलं.

धरण झालं तेव्हा नवसाबाईचा नवरा तिथे चौकीदार लागला. तो वारल्यावर नवसाबाईच ते बघायला लागली. बघायला म्हणजे काय, तर सगळंच. पाळीवर झुडूप उगवलं की मुळासकट उपटायचं, कारण मूळ कुजलं की त्याची वाट होते आणि वाटेने पाणी येतं. खेकड्यांची बिळं शोधायची, खेकडे बाहेर काढायचे, बिळात माती ठासायची आणि खेकडे रश्शात टाकायचे. "तुझं धरण टिकलं कारण म्या त्याचं खेकडं खाल्लं," ती म्हणायची. आणि रोज सकाळी पांढरी ताटली घेऊन पाळीच्या मागच्या पायथ्याशी जायचं. मातीचं धरण थोडं पाझरतंच, पाझरावं. पण पाझर नितळ हवा. ती ताटलीत पाझर धरायची, ताटली दगडावर ठेवायची आणि चूळ भरून, तंबाखू मळून होईपर्यंत बघत बसायची. तळाला गाळाचा एक कण बसला तरी समजायचं, आतून माती सुटायला लागली. तीस-बत्तीस वर्षांत तो कण बसला नव्हता. सरोजिनीबाईंची त्यात बदली झाली, बढती झाली, नाशकातल्या टेबलामागे त्या जाऊन बसल्या. दर पावसाळ्यात एकदा तरी फोन करून त्या एवढंच विचारायच्या, ताटली कशी आहे? "धुवून पालथी घातली," ती म्हणायची. म्हणजे ठीक आहे.

मग तो दिवस. दोन वर्षांपूर्वीचा. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मोहओहळच्या लोकांनी शाळेत समारंभ केला, साडीचोळी, नारळ, नागलीच्या पापडांचा डबा. सरोजिनीबाईंना खात्यात 'नाही'बाई म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं. गावातही तसंच. दर वर्षी कुणी ना कुणी यायचं: बाई, सांडव्यावर चार गोण्या ठेवू द्या, दोन फूट पाणी जास्त धरेल, गव्हाला पाण्याची एक पाळी जास्त मिळेल. दर वर्षी त्या म्हणायच्या, नाही. का नाही ते समजावायच्या, लोक माना डोलवायचे आणि जाताना आपसात काहीतरी बोलायचे. त्या दिवशी शाळेच्या पडवीत अमित बोलायला उभा राहिला. वरच्या आळीतला, शिकलेला, ग्रामपंचायतीत निवडून आलेला. त्याने इतकं चांगलं भाषण केलं की बाईंचे डोळे भरले. शेवटी तो हसत म्हणाला, आज तरी मॅडमनी आमची एक मागणी मान्य करावी. सगळे त्यांच्याकडे बघत होते, सगळ्यांच्या चेहऱ्यावर माया होती. आणि सरोजिनीबाई म्हणाल्या, "बरं. कोजागिरी झाल्यावर, पाऊस गेल्याची खात्री करून, दोन थर. जास्त नाही." टाळ्या पडल्या. किती टाळ्या! तीस वर्षांत त्यांच्या कुठल्याही शब्दाला तितक्या टाळ्या पडल्या नव्हत्या, आणि परत येताना गाडीत त्या स्वतःशीच हसत होत्या. चूक काही नव्हती. कोजागिरीनंतर पाऊस जायचाच. पण 'कोजागिरी झाल्यावर' हे गळून पडलं, 'खात्री करून' हे गळून पडलं, 'जास्त नाही' हे तर पहिल्याच दिवशी गळालं असणार. 'बरं' तेवढं राहिलं. आणि पावसाने हल्ली कोजागिरीसुद्धा मानायचं सोडलंय, हे नाशकात बसून त्यांना दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण त्या 'बरं'ची त्यांना आठवण नव्हती. गोड लागलेली गोष्ट कोण तपासून बघतो.

"सरू," यज्ञेश्वर म्हणाले. "पुढे बघ."

ओहळावरची फरशी आली होती. धरणाच्या खाली दीड मैलावरची. पाणी फरशीच्या हातभर खालून, आवाज करत, लाकडं फिरवत चाललं होतं. यज्ञेश्वरांनी गाडी थांबवली. सरोजिनीबाई छत्री न घेता उतरल्या आणि कठड्याशी गेल्या. एवढं पाणी. सांडवा बुजलेला असेल तर ओहळाला एवढं पाणी कुठून? म्हणजे एक तर सांडवा मोकळा होता, नाही तर धरण गेलं होतं. मग डोळे पुसून त्यांनी पाण्याचा रंग पाहिला. मन लावून पाहिला, एखाद्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघावं तसा. लाल होता. सगळा लाल, घाटाचा, मुरमाचा. त्यात काळी माती नव्हती. गाभा फुटला असता तर हे पाणी काळं आलं असतं, आपण सात मैलांवरून आणलेली ती माती इथून वाहत गेली असती.

"लाल आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पाणी लाल आहे हो!" असं म्हणून त्यांनी नवऱ्याचा दंड इतका घट्ट धरला की ते जरासे कळवळले. पलीकडे, झाडांतून, खालच्या पाड्यातल्या कौलांमधून धूर निघत होता. भिजलेला, जड धूर, एकेका घरातून. त्यांनी मोजायचं ठरवलं नव्हतं तरी सोळापर्यंत मोजला.

पाळीवर चढताना त्यांनी चप्पल काढून हातात घेतली. वरून सगळं पाणी एकदम दिसलं. इतकं पाणी त्यांनी या धरणात कधी पाहिलं नव्हतं. आतल्या बाजूच्या दगडांवर नवसाबाईच्या चुन्याच्या खुणा होत्या. नाशकात दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला त्यावरून पूर सांगतात, तसं इथे नवसाबाई दर पावसात पाणी जिथवर चढलं त्या दगडाला चुना फासायची. सगळ्यांत वरची खूण सहा वर्षांपूर्वीची. ती पाण्याखाली गेली होती. पाणी तिच्याही वर वीतभर होतं, आणि पाळीचा माथा तिथून अडीच फूट. उजवीकडे सांडव्यातून पाण्याची जाड लाल चादर कातळावरून सरकत होती, एकसारखी, न थांबता, आणि तिचा आवाज पायाखालच्या मातीतून टाचेला लागत होता. गोण्या नव्हत्या. सांडव्याच्या भिंतीला एक फाटकी पांढरी गोणी अडकून फडफडत होती, तेवढीच. सरोजिनीबाईंनी उभ्या उभ्या वजाबाकी केली. अडीचातून दोन. अर्धा फूट उरला असता. अर्धा फूट, आणि वर हा वारा. लाटा तर आत्ताच दगडांवर फुटभर उडत होत्या. त्या तिथेच, भिजलेल्या गवतावर, बसल्या. त्यांच्या खाली मातीची ती पाळ होती, पोटावर एवढं सगळं ओझं घेऊन, आणि तिचं जरासुद्धा काही बिनसलेलं नव्हतं. शाब्बास, त्या मोठ्याने म्हणाल्या. शाब्बास गं. मग त्यांना रडू आलं आणि पाऊस असल्यामुळे त्यांनी ते येऊ दिलं.

सांडव्याच्या अलीकडे सात-आठ माणसं उभी होती, प्लास्टिकचे कागद डोक्यावर घेऊन. त्यांतून अमित पुढे आला. रागाने लाल झाला होता.

"बघा मॅडम, आता तुम्हीच बघा. साठ गोण्या भरल्या आम्ही, दोन दिवस लागले. काल रात्री कुणीच राखण ठेवली नाही, आणि पहाटे हिने सगळ्या फाडल्या! विळ्याने! एक उचलली नाही, नुसती पोटं फाडत गेली, माती वाहून गेली. विचारलं तर बोलत नाही. तुम्हीच परवानगी दिली होती ना? सगळ्यांसमोर?"

"दिली होती," सरोजिनीबाई म्हणाल्या.

त्या माणसांच्या मागे, सांडव्याच्या अलीकडच्या भिंतीशी, नवसाबाई बसली होती. कमरेला दोर बांधलेला तसाच होता, त्याचं दुसरं टोक सादड्याच्या बुंध्याला. डोक्यावर इरलं, मांडीवर विळा. वय साठीला टेकलेलं. पहाटे गुडघाभर पाण्यात दोराला लोंबकळत तिने साठ गोण्यांची पोटं फाडली होती. शेजारी दगडावर पांढरी ताटली पालथी होती. सरोजिनीबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

"नवसाबाई, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"पाण्याची काय भीती? गोणीची वाटली." तिने तंबाखू थुंकली. "भिजलीस तू. एवढी लांबून कशाला आलीस?"

"फोटो बघितला. उशिरा बघितला. नवसाबाई, तो माझाच शब्द होता. मीच बोलून गेले त्या दिवशी."

"मला ठाव हाय. म्या तिथंच बसली व्हती, खांबाजवळ." नवसाबाई पाण्याकडे बघत होती. "गेल्या सालीबी यानी ठेवल्या व्हत्या. म्या काढल्या. गेल्या साली पाऊस नाय आला, मग कुनी बोललं नाय."

"मला एक शब्द सांगायचा होतात!"

"काय सांगू?"

"त्या दिवशीच. तिथेच. म्हणायचं होतं, बाई, तू चुकतेस."

नवसाबाईने पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या भुवयांवरून पाणी गळत होतं. "म्हननार व्हती," ती म्हणाली. "लय आलं व्हतं तोंडावर. पन तुझा निरोप व्हता. सगळी तुला चांगली म्हनत व्हती, तू हसत व्हतीस. तीस वर्सं तू नाय, नाय करत ऱ्हायलीस आमच्यापायी. म्हनलं, एक दिस तरी बाईला हो म्हनू दे. मागनं म्या बघून घेईन."

पाणी सांडव्यावरून जात होतं. सरोजिनीबाईंना वाटलं, दोन वर्षं आपण नाशकात निवांत झोपलो, सकाळी फिरायला गेलो, नातवंडांशी फोनवर बोललो. आणि इथे ही बाई आपल्या एका गोड शब्दाखाली विळा घेऊन उभी होती. त्या उठल्या. गुडघे दुखत होते. त्या चालत अमितपाशी आणि त्या माणसांपाशी गेल्या. यज्ञेश्वर छत्री घेऊन मागे आले होते, त्यांनी ती बायकोच्या डोक्यावर धरली. बाईंनी ती बाजूला सारली.

"ऐका," त्या म्हणाल्या. आवाज सांडव्याच्या वर जावा म्हणून ओरडूनच म्हणाल्या. "त्या दिवशी मी चुकले. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, मला बरं वाटलं, आणि मी हो म्हणून गेले. ते माझं चुकलं. पाणी आत्ता कुठे आहे ते बघा. या गोण्या असत्या तर ते कुठे असतं, ते हात लावून बघा. इथे, या दगडाला. अमित, या इथे ये, हात लाव."

अमित आला. वाकून त्याने दगडाला हात लावला, माथ्याकडे पाहिलं, मग खाली, पाड्याकडे. त्याचा हात दगडावरच राहिला.

"मॅडम, मग... कोजागिरीनंतर?"

"नाही."

"एक थर तरी?"

"नाही," सरोजिनीबाई म्हणाल्या. "यंदा नाही, पुढच्या वर्षी नाही, मी मेल्यावरसुद्धा नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकाने डोक्यावरचा कागद सारखा केला, दुसरा खाली बघत राहिला. मागे नवसाबाई कमरेचा दोर सोडत होती, ती खुदकन हसली, आणि ताटली उचलून पदराने पुसत म्हणाली, "आता आली बाई धरनावर."